माशांच्या प्रजननाचे संप्रेरकीय नियंत्रण : लॅम्प्रीपासून उजनीच्या कटल्यापर्यंत

सारांश

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात चांगले वाढतात. त्यांच्या पोटात गाभोळीही भरते. परंतु अशा पाण्यात ते सहसा अंडी सोडत नाहीत. याच पाण्यात चिलापी मात्र वर्षातून अनेकदा वितो. या विरोधाभासाचे उत्तर माशाच्या मेंदू, पीयूषिका ग्रंथी आणि जननग्रंथी यांना जोडणाऱ्या संप्रेरकांच्या साखळीत आहे. प्रस्तुत लेखात या साखळीचे कार्य, लॅम्प्री या आदिम प्राण्यात दिसणारे तिचे जुने रूप, कार्प माशांमधील तिची विशेष अडचण आणि त्या अडचणीवर शोधलेला प्रेरित प्रजननाचा उपाय यांचे विवेचन केले आहे. संदर्भक्षेत्र म्हणून इंदापूर तालुक्यातील डाळज परिसरातील उजनीचा फुगवटा घेतला आहे.

बीजशब्द : संप्रेरक, पीयूषिका ग्रंथी, लॅम्प्री, भारतीय प्रमुख कार्प, प्रेरित प्रजनन, चिलापी, उजनी जलाशय.

१. प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले की डाळजची गावे लागतात. डाव्या हाताला उजनीच्या फुगवट्याचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी एकूण साठवणक्षमतेच्या या जलाशयाने काठावरील गावांची शेती बदलली, तसेच त्यांचा मासाही बदलला. वाहत्या भीमेत जाळे टाकणारा भोई आता साचलेल्या पाण्यात जाळे टाकतो. जमिनी पाण्याखाली गेलेल्या अनेक कुटुंबांनीही पुढे मासेमारीचा आधार घेतला.

या बदललेल्या पाण्यासंबंधी एक साधा प्रश्न विचारता येईल. पावसाळ्याच्या तोंडावर कापलेल्या कटल्याच्या किंवा रोहूच्या पोटात गाभोळी भरगच्च असते. मध्यम आकाराच्या मादीत एका किलो वजनामागे लाखाहून अधिक अंडी असतात. असे असतानाही या माशांची बोटुकली बाहेरून आणून जलाशयात का सोडावी लागते? आणि ज्या चिलापीच्या मादीला एका वेळी जेमतेम काही शे अंडी होतात, तो चिलापी कोणीही न सोडता भिगवणच्या बाजारातील टोपल्या कसा भरतो?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘पाणी मानवत नाही’ अशा शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. पाणी मानवत नाही म्हणजे माशाच्या शरीरात नेमके काय घडत नाही, हे समजल्याखेरीज त्यावर उपायही नेमका सुचत नाही. त्यासाठी प्रथम प्रजननाच्या संप्रेरकीय नियंत्रणाची सर्वसाधारण रचना पाहणे आवश्यक आहे.

२. तीन पातळ्यांची साखळी

पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रजननाचे नियंत्रण तीन पातळ्यांवर होते. पहिली पातळी मेंदूतील अधश्चेतकाची. दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान, अन्नाची उपलब्धता, जोडीदाराची चाहूल अशा बाहेरील खुणांची नोंद मेंदू घेतो आणि अधश्चेतकातील विशिष्ट चेतापेशी गोनॅडोट्रोपिन-मुक्तिकारक संप्रेरक स्रवतात. त्याला पुढे संक्षेपाने जीएनआरएच असे म्हटले आहे. हे केवळ १० अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. सस्तन प्राण्यांतील त्याची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमन यांच्या स्वतंत्र प्रयोगशाळांनी उलगडली. मेंदूतील अशा संप्रेरकांवरील संशोधनाबद्दल दोघांनाही १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरी पातळी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका म्हणजेच पिट्युटरी ग्रंथीची. जीएनआरएचचा आदेश मिळताच ही ग्रंथी रक्तात दोन संप्रेरके सोडते. एफएसएच हे पुटिका वाढविणारे, तर एलएच हे पक्व अंडे मोकळे करविणारे संप्रेरक होय. तिसरी पातळी अंडाशय व वृषण यांची. वरील दोन संप्रेरकांच्या प्रभावाखाली त्या ग्रंथी स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके तयार करतात आणि त्यांची रक्तातील पातळी पुन्हा मेंदूला कळते. त्यामुळे ही साखळी एकमार्गी राहत नाही, तिचे वर्तुळ पूर्ण होते.

बारामती-इंदापूर पट्ट्यातील दुग्धव्यावसायिकांना ही साखळी नावाने नसली तरी अनुभवाने ठाऊक आहे. कृत्रिम रेतनाच्या वेळी पशुवैद्य गाईला बुसेरेलिनचे इंजेक्शन देतात. ते जीएनआरएचचेच प्रयोगशाळेत घडविलेले रूप आहे. गाईची पीयूषिका त्या इंजेक्शनला प्रतिसाद देते आणि अंडे वेळेवर सुटते. माशाच्या बाबतीतही तत्त्व हेच आहे.

माशाच्या मादीत या साखळीचे काम दोन स्पष्ट टप्प्यांत चालते आणि या लेखाच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिला टप्पा अंड्याच्या वाढीचा. एफएसएचमुळे अंडाशयात इस्ट्राडायॉल तयार होते. ते रक्तावाटे यकृतात जाते. यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन बनविते, ते पुन्हा रक्तावाटे अंडाशयात येते आणि अंड्यात पीतक म्हणून साठते. गाभोळी भरते ती अशी. या कामाला काही महिने लागतात आणि त्यासाठी मुख्यतः चांगले अन्न, वाढता दिवस व वाढते तापमान पुरेसे असते. २०२४ मध्ये मेडाका व झेब्राफिश या माशांवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून एफएसएचच्या स्रावामागे कोलेसिस्टोकायनिन हे तृप्तीशी संबंधित संप्रेरक असल्याचे दिसून आले. पोट भरलेला मासाच गाभोळी धरतो, या अनुभवाला त्यामुळे एक शारीरिक आधार मिळाला आहे.

दुसरा टप्पा अंड्याच्या अंतिम पक्वतेचा. तो महिन्यांचा नसून काही तासांचा असतो. रक्तातील एलएचची पातळी एकाएकी उसळते. अंड्याभोवतालच्या पेशी इस्ट्राडायॉलऐवजी डीएचपी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे दुसरे स्टेरॉइड बनवू लागतात. जपानमधील नागाहामा आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सॅमन कुळातील माशात हेच पक्वताकारक संप्रेरक असल्याचे दाखविले आणि पुढे कार्पसह अनेक माशांत त्याची भूमिका स्पष्ट झाली. डीएचपीच्या प्रभावाने अंड्याचे केंद्रक मध्यातून कडेला सरकते, त्याचे आवरण विरघळते आणि अंडे पुटिकेतून सुटते.

पहिला टप्पा पूर्ण झाला म्हणजे दुसरा आपोआप होईलच असे नाही. एलएचची उसळी आली नाही, तर भरलेली गाभोळी तशीच थांबते आणि हंगाम उलटल्यावर अंडी शरीरातच शोषली जातात. मागे विचारलेल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

३. लॅम्प्री : साखळीचे प्राचीन रूप

ही साखळी किती जुनी आहे, हे समजण्यासाठी लॅम्प्री या प्राण्याकडे वळावे लागते. लॅम्प्री भारतातील नद्यांत आढळत नाही. तो समशीतोष्ण प्रदेशातला आहे. दिसायला वाम माशासारखा लांबट असला तरी त्याला जबडा नसतो. तोंडाच्या जागी दातांची गोल चकती असते आणि अनेक जाती तिच्या साहाय्याने इतर माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषतात. जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशीयांपासून त्याच्या पूर्वजांची शाखा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे मानले जाते. त्यामुळे लॅम्प्रीत आणि आपल्यात जे समान आहे, ते त्या फाट्याच्याही आधीचे असले पाहिजे.

समुद्री लॅम्प्रीचे जीवनचक्र एकदाच प्रजनन करणारे आहे. अळी नदीच्या गाळात अनेक वर्षे काढते. रूपांतरानंतर प्राणी समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात वर्ष-दोन वर्षे परजीवी जीवन जगतो. मग तो खाणे थांबवितो, नदीत वर चढतो, दगडगोटे सरकवून खळगा करतो, अंडी घालतो आणि मरतो. आयुष्यातील एकुलत्या एका प्रजननाची वेळ चुकवून त्याला चालत नाही. ही वेळ साधण्याचे काम संप्रेरकांचे आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठात स्टेसिया सोवर आणि सहकाऱ्यांनी लॅम्प्रीतील या यंत्रणेचा दीर्घकाळ अभ्यास केला. लॅम्प्रीतील जीएनआरएचचे पहिले रूप १९८६ मध्ये, दुसरे १९९३ मध्ये आणि तिसरे २००८ मध्ये नोंदविले गेले. अशा तीन रूपांतून अधश्चेतक आदेश देतो. परंतु हा आदेश पीयूषिकेपर्यंत पोहोचविण्याचा मार्ग वेगळा आहे. सस्तन प्राण्यांत त्यासाठी स्वतंत्र सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. कार्पसारख्या अस्थिमत्स्यांत चेतातंतू थेट पीयूषिकेत शिरतात. लॅम्प्रीत यांपैकी काहीच नाही. तेथे संप्रेरक ऊतींतून नुसते पाझरत पीयूषिकेपर्यंत जाते.

दुसरा फरक अधिक बोलका आहे. आपल्यात व अस्थिमत्स्यांत पीयूषिकेची एफएसएच आणि एलएच ही दोन वेगळी संप्रेरके असतात. लॅम्प्रीत ही विभागणी झालेली नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तेथे पीयूषिकेतील एकच शर्करायुक्त प्रथिन-संप्रेरक दोन्हींच्या पूर्वरूपाप्रमाणे काम करताना दिसते. म्हणजे अंडे वाढविणे आणि अंडे सोडणे या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र दूत नेमण्याची व्यवस्था उत्क्रांतीत नंतर आली. वर्षानुवर्षे प्रजनन करणाऱ्या माशांना या विभागणीचा फायदा झाला असावा. अंडी आधी तयार ठेवावीत आणि अनुकूल क्षण येताच ती सोडावीत, हे तिच्यामुळे साधते. कार्पच्या बाबतीत हीच सोय धरणाच्या पाण्यात अडचण ठरते.

लॅम्प्रीवरील संशोधन केवळ कुतूहलापोटी झालेले नाही. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांत कालव्यांवाटे शिरलेल्या समुद्री लॅम्प्रीने तेथील ट्राउट व इतर माशांचा व्यवसाय उद्ध्वस्त केला. त्यावर १९५८ पासून अळ्या मारणारे रसायन वापरले जाते. २००२ मध्ये वेइमिंग ली व सहकाऱ्यांनी पक्व नर लॅम्प्री पाण्यात पित्ताम्लवर्गीय गंधद्रव्य सोडून मादीला बोलावतो हे दाखविले आणि या गंधाने माद्यांना सापळ्यात आणण्याचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडील शेतकरी पिकावरील पतंगांसाठी कामगंध सापळे लावतो, त्याच जातीचा हा उपाय आहे. प्रजननाच्या नियंत्रणाचे ज्ञान तेथे एका माशाचा वंश रोखण्यासाठी वापरले गेले. आपल्याकडे तेच ज्ञान वंश वाढविण्यासाठी वापरावे लागते.

४. कार्प माशांची अडचण

कटला, रोहू व मृगळ हे मुळात गंगा व तिला जवळच्या उत्तरेकडील नद्यांचे मासे. भीमेत ते माणसाने आणले. त्यांच्या मूळ नद्यांत प्रजननाचा हंगाम पावसाळ्यात येतो. पहिले मोठे पूर येतात, गढूळ व थंड पाणी वेगाने वाहू लागते, काठावरची उथळ गवताळ जमीन पाण्याखाली जाते आणि मासे अशा नव्या पाण्यात अंडी सोडतात. पिलांना लागणारे सूक्ष्मजीव तेथे मुबलक असतात. एकूणच, पूर म्हणजे पिलांच्या अन्नाची हमी आणि तीच खूण माशाच्या मेंदूने प्रजननाचा इशारा म्हणून स्वीकारली आहे.

हा इशारा मिळेपर्यंत अंडी रोखून धरण्याची यंत्रणाही मेंदूतच आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गोल्डफिश या कार्पकुळातील माशावर केलेल्या प्रयोगांतून ती स्पष्ट झाली. पीयूषिकेवर जीएनआरएचचा प्रेरक प्रभाव असतो, तसाच डोपामाइन या चेतारसायनाचा रोधक प्रभावही असतो. एक पुढे ढकलतो, दुसरा मागे खेचतो. बैलगाडी उतारावर असताना खटला लावून ठेवावा, तसा हा रोध आहे. अनुकूल खुणा मिळाल्यावर डोपामाइनचा रोध सैल होतो, जीएनआरएचचा जोर वाढतो आणि एलएचची उसळी येते.

उजनीच्या संथ पाण्यात पहिल्या टप्प्यासाठी लागणारे सर्व काही आहे. ऊन आहे, प्लवक आहे, खोली आहे. म्हणून गाभोळी भरते. दुसऱ्या टप्प्याला लागणारी पुराची खूण मात्र जलाशयाच्या मुख्य भागात पोहोचत नाही, आणि डोपामाइनचा रोध कायम राहतो. अशा माशाला वंध्य म्हणता येणार नाही. त्याच्या शरीरातील प्रत्येक ग्रंथी सुस्थितीत असते. फक्त शेवटचा आदेश सुटलेला नसतो.

५. प्रेरित प्रजनन : तुटलेली कडी जोडण्याचा उपाय

आदेश सुटत नसेल तर तो बाहेरून द्यावा, ही कल्पना अर्जेंटिनातील बर्नार्डो हुसे यांच्या १९३० च्या सुमाराच्या प्रयोगांतून पुढे आली. एका माशाची पीयूषिका दुसऱ्या माशाला टोचल्यावर प्रजनन घडते, असे त्यांना आढळले. ब्राझीलमध्ये १९३४ पासून ही रीत मत्स्यबीज निर्मितीसाठी वापरली गेली. भारतात हमीद खान यांनी १९३८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पीयूषिकेचा अर्क मृगळावर वापरून पाहिला. तथापि निर्णायक यश हिरालाल चौधुरी यांना मिळाले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी माशाच्या पीयूषिकेच्या अर्काने प्रमुख कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. के. एच. अलीकुन्ही हे या कार्यातील त्यांचे सहकारी होते. १० जुलै हा दिवस आज देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यापूर्वी कार्पचे बीज पुरात नदीतून गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या जातींचे पिलूही येई. १९५७ नंतर शुद्ध बीज हवे तेथे तयार करणे शक्य झाले. या पद्धतीत बाजारात कापलेल्या माशांच्या डोक्यांतून पीयूषिका काढून अल्कोहोलमध्ये जपतात. मादीला प्रथम किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम व सुमारे सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅम ग्रंथीचा अर्क टोचतात. नराला दुसऱ्या वेळी एकच हलकी मात्रा पुरते. मात्र प्रत्येक ग्रंथीची ताकद सारखी नसल्यामुळे यश अनिश्चित राही.

पुढची सुधारणा पीटर आणि चीनमधील लिन हाओरान यांच्या १९८० च्या दशकातील संयुक्त कार्यातून झाली. दोघांच्या नावांवरून तिला ‘लिनपे’ पद्धत म्हणतात. तिच्यात पीयूषिका उसनी आणण्याऐवजी माशाच्या स्वतःच्या पीयूषिकेलाच कामाला लावतात. त्यासाठी एकाच इंजेक्शनात दोन द्रव्ये दिली जातात : जीएनआरएचचे अधिक काळ टिकणारे कृत्रिम रूप आणि डोपामाइनचा रोध काढणारे औषध. याच तत्त्वावरील ओव्हाप्रिम या उत्पादनात एका मिलिलिटरमध्ये सॅमन माशाच्या जीएनआरएचचे २० मायक्रोग्रॅम कृत्रिम रूप आणि १० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असते. मादीला किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर पुरते. डोम्पेरिडोन हे नाव वाचकांना घरगुती औषधांच्या कपाटातून परिचित असेल. उलटी थांबविण्यासाठी तेच दिले जाते, कारण तेथेही ते डोपामाइनच्या ग्राहींना अडविते. दोन द्रव्यांच्या वजनांची तुलना केली तर रोध काढणारे औषध आदेश देणाऱ्या संप्रेरकाच्या पाचशेपट भरते. दोन वेगळ्या द्रव्यांची ताकद केवळ वजनावरून ठरत नाही हे खरे. तरीही कार्पला नुसता आदेश पुरत नाही, रोध काढणेही तितकेच आवश्यक आहे, हे या मिश्रणातून ध्यानात येते. भारतातही मुंबईच्या हेमो फार्माने ओव्हाटाइड हे अशाच प्रकारचे उत्पादन बाजारात आणले.

इंजेक्शननंतर नर-माद्यांना गोलाकार हॅचरीच्या कुंडात सोडतात आणि वरून फवारा व कडेने फिरता प्रवाह देतात. साधारण ८ ते १२ तासांत अंडी पडतात आणि २७ ते ३१ अंश सेल्सिअस तापमानाला १४ ते १८ तासांत ती फुटतात. इंजेक्शन दिल्यानंतरही पाणी फिरते ठेवावे लागते, ही बाब विचार करण्यासारखी आहे. संप्रेरकाने शरीराचे काम होते, तरी नर-मादीचा पाठलाग, अंड्यांना मिळणारा प्राणवायू आणि त्यांचे तरंगणे यांसाठी छोटी का होईना, नदी निर्माण करावीच लागते.

पुणे जिल्ह्यातच या विषयाचे आणखी एक महत्त्वाचे केंद्र आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीर माशाचे बीजोत्पादन सुरू केले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे तेथील कार्य प्रसिद्ध आहे. या दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून केले होते. त्याच मुळा-मुठेचे पाणी आज भीमेतून उजनीत येते. कार्प पाहुणे असले तरी महसीर येथला आहे आणि प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालणे हा त्याचाही धर्म आहे. म्हणून नदी अडविल्याचा प्रश्न केवळ बाहेरून आणलेल्या माशांपुरता मर्यादित नाही.

६. चिलापीला खूण का लागत नाही

चिलापी म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याच्यातही जीएनआरएच, एफएसएच, एलएच ही साखळी तीच आहे. फरक तिला सुरू करणाऱ्या खुणेत आहे. चिलापीला पूर लागत नाही. पाणी पुरेसे उबदार असले आणि तळाशी नराला खळगा करता आला, की त्याचे काम भागते. मादी फलित अंडी तोंडात घेते आणि पिले पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ उपाशी राहते, मग पुन्हा खाऊन काही आठवड्यांत पुन्हा वितेही. दाटी झाली आणि अन्न कमी पडले, तर तो अगदी लहान आकारातच, दोन-तीन महिन्यांच्या वयात, पक्व होतो.

कार्प लाखो अंडी सोडून त्यांना पुराच्या स्वाधीन करतो, तर चिलापी थोडी अंडी घेऊन ती स्वतः राखतो. वाहत्या नदीत पहिली रीत फायद्याची ठरते आणि साचलेल्या पाण्यात दुसरी. धरणाने माशांमधील स्पर्धेचे नियमच बदलले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. चिलापीच्या याच सुपीकतेवर संप्रेरकाचाच उपाय मत्स्यतळ्यांत केला जातो. लहान पिलांना सुमारे तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉनयुक्त खाद्य दिल्यास जवळजवळ सर्व पिले नर बनतात आणि मासा पिलांऐवजी वजन धरतो. मोकळ्या जलाशयाला मात्र हा उपाय लागू पडत नाही.

७. धरण, विसर्ग आणि सांडपाणी

उजनीच्या संदर्भात आणखी दोन बाबी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली बाब पाण्याच्या वेळेची. भीमेच्या खोऱ्यात उजनीच्या वर खडकवासला साखळी, पवना, चासकमान, डिंभे अशी अनेक धरणे आहेत. पावसाचे पहिले पाणी ती अडवितात आणि भरल्यावर सोडतात. डाळजच्या काठावरील मनुष्य ज्याला ‘दौंडचा विसर्ग’ म्हणतो, तो त्यामुळे पावसाइतकाच दरवाजांच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशयाची उपयुक्त पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा वर्षी गाभोळी धरलेले मासे आकसलेल्या पाण्यात एकवटतात आणि जाळ्याला सहज लागतात. प्रजननाची थोडीफार नैसर्गिक संधी शिल्लक असेल, तर ती फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जेथे पुराचे पाणी अजून वाहते, तेथेच असणार. जून ते ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात बारीक आसाची जाळी पडली, तर ही संधीही जाते.

दुसरी बाब सांडपाण्याची. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना व भीमेवाटे या जलाशयात येते. सांडपाण्यात मानवी शरीरातून आलेली इस्ट्रोजेन व गर्भनिरोधक गोळ्यांतील त्याची कृत्रिम रूपे असू शकतात, हे अन्य देशांत सिद्ध झाले आहे. इंग्लंडमधील नद्यांत सांडपाण्याच्या खालच्या बाजूस नर माशांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन आणि वृषणात अंडपेशी आढळल्याचे १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. नर माशाच्या यकृतातही हे प्रथिन बनविण्याची क्षमता असते. फक्त आदेश देणारे इस्ट्राडायॉल त्याच्या शरीरात अत्यल्प असते. तो आदेश पाण्यातून आला, की यकृत निमूटपणे पाळते. कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेन, लिटरमागे केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम इतके, सोडण्यात आले. तेथील फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ उजनीतही असेच घडत आहे असा नव्हे. परंतु नर चिलापीच्या रक्तातील व्हायटेलोजेनिन मोजणे ही आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगी तपासणी आहे. जलाशयाचे पाणी पिणाऱ्या गावांच्या दृष्टीनेही तिचे मोल आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) प्रजननाची संप्रेरकीय साखळी अतिप्राचीन आहे. जबडा नसलेल्या लॅम्प्रीतही तिचा गाभा आढळतो. उत्क्रांतीत अंडे वाढविण्याचा व अंडे सोडण्याचा आदेश वेगळा झाला. कार्प माशाला साचलेल्या पाण्यात अडते ते या दुसऱ्या आदेशापाशी.

२) उजनीतील कार्प वंध्य नाहीत. त्यांच्या मेंदूला पुराची खूण मिळत नाही. म्हणून मत्स्यबीज सोडणे ही मच्छीमारांवरील मेहेरबानी मानता येणार नाही. धरणाने तोडलेल्या नैसर्गिक क्रियेची ती भरपाई आहे आणि धरणाच्या खर्चाचाच भाग म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे.

३) बीज सोडताना मत्स्यजिऱ्यांऐवजी बोटुकली सोडणे इष्ट, कारण लहान पिले चिलापी व इतर माशांचे भक्ष्य होतात. बीजाची संख्या मोजताना त्याचा दर्जाही पाहावा. त्याच त्या जनकांचा वर्षानुवर्षे वापर आणि एकाच कुंडात अनेक जातींचे एकत्र प्रजनन यांमुळे वाण खालावतो व संकर होतो.

४) इंजेक्शन हा हॅचरीतील उपाय आहे. जलाशयातील उपाय म्हणजे फुगवट्याच्या वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात मासेमारीला आवर आणि शक्य तेथे विसर्गाच्या वेळेचा विचार.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करून लेख संपवितो. अंतःस्रावी ग्रंथींचे प्रकरण आपण बहुधा पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून शिकवितो. भिगवणच्या बाजारातून आणलेले कटल्याचे एक डोके व एक गाभोळी यांवरून तेच प्रकरण अधिक चांगले शिकविता येते. कवटी उघडून मेंदूच्या तळाशी असलेला, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा पीयूषिकेचा पांढुरका ठिपका विद्यार्थ्याने एकदा स्वतः पाहावा. काठावरच्या कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या घरच्या टोपलीत कटला कमी आणि चिलापी जास्त का, याचे उत्तर त्या ठिपक्यापासून शोधायला सुरुवात करता येईल.